निर्दोष सुटलात म्हणजे नाव ऑनलाइनवरून गेलं? नाही हो!
कितीतरी वर्षं लोक एकमेकांना सांगत आलेत की केसमधून निर्दोष सुटलं की कोर्टाच्या साइटवरून नाव आपोआप निघतं. तसं होत नाही. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर जिल्हा, कोर्ट, वर्ष आणि पक्षकाराचं नाव टाका, कॅप्चा भरा, निकाल लागलेली जुनी केससुद्धा समोर येते, आणि लग्नाचं स्थळ बघणारे किंवा नोकरी देणारे बरेचदा नाव दिसलं की तिथेच थांबतात, खाली निकाल काय लागला ते उघडूनही बघत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. बलात्कार पीडितेची ओळख लपवायला कायदा आहे, पण निर्दोष सुटलेल्यासाठी असं आपोआप संरक्षण नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रायव्हसी मूलभूत हक्क मानली, तरी नाव झाकायला हायकोर्टात अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईलच असं नाही.