पिशोग

आयर्लंडच्या खेड्यांतील नशीब, बरकत आणि अपशकुन यांविषयीच्या समजुतींना, तसेच शेजाऱ्याची बरकत ओढून घेण्यासाठी केलेल्या करणीला ‘पिशोग’ म्हणतात. शब्द आयरिश (गेलिक) भाषेतला; इंग्रजी बोलू लागलेल्या शेतकऱ्यांच्या तोंडीही तो तसाच राहिला. शुभ मानलेले चार पानांचे क्लोव्हर हे रोपटे आणि हिरव्या कोटातला लेप्रेकॉन हा लोककथेतला बुटका यांना आज दुकानांतून मोठा भाव असला, तरी गावात नशिबाची खरी काळजी वाहिली जाई ती लोण्यासाठी.

लोणी म्हणजे रोख पैसा. १८व्या-१९व्या शतकांत कॉर्क शहराच्या बाजारातून ते जहाजांनी परदेशी जाई आणि अनेक कुटुंबांचा खंड त्यावर भागे. उंच लाकडी भांड्यात साय ओतून दांडा वर-खाली करीत बायका घुसळण करीत. साय फार गार किंवा फार कोमट असली, भांडे नीट उकळून धुतलेले नसले, तर तासन्‌तास घुसळूनही लोणी येत नसे. मग संशय शेजारणीवर. यामागचा हिशेब साधा होता: गावातली बरकत ठरलेली, एकीचे लोणी वाढले तर दुसरीचे घटलेच पाहिजे.

म्हणून घुसळण चालू असताना कोणी दारात आले, तर त्याने ‘देव कामाला बरकत देवो’ असे म्हणून दांड्याचे चार हात मारायचे. न मारता गेला तर तो लोणी घेऊन गेला. (थकलेल्या बाईला तेवढाच विसावा मिळे, हेही खरे.) घुसळण होईपर्यंत चुलीतला निखारा बाहेर द्यायचा नाही, पाहुण्याला पाइप पेटवायलाही नाही.

सर्वांत धोक्याचा दिवस १ मे, उन्हाळ्याच्या सुरुवातीचा बेल्टेन हा सण. त्या दिवशी दूध, मीठ, विस्तव यांपैकी काहीच घराबाहेर जात नसे. पहाटे दुसऱ्याच्या कुरणातले दव फडक्याने टिपणारी किंवा विहिरीचे पहिले पाणी काढणारी बाई वर्षभराचे लोणी पळवते, असे मानत. सशाचे रूप घेऊन गाईंना पिणाऱ्या म्हातारीची गोष्ट तर जवळजवळ प्रत्येक परगण्यात सापडते: कुत्रा सशाचा पाय फोडतो, माग काढत गेल्यावर झोपडीत रक्ताळलेल्या पायाची बाई दिसते. बाराव्या शतकातील जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूनेही अशा समजुतीची नोंद केली आहे. शेजाऱ्याच्या गवताच्या गंजीत अंडी लपवून ठेवणे ही मात्र प्रत्यक्ष करणी. अंडी सापडली की ती हाताने न उचलता फावड्याने काढून जाळत.

जनावरांच्या बाजारात तळहातावर थुंकून टाळी दिली की सौदा पक्का होई. मग विकणारा मिळालेल्या पैशांतले एखादे नाणे घेणाऱ्याला परत देई. या ‘लक पेनी’वाचून घेतलेली गाय लाभत नाही, अशी समजूत होती.

पऱ्यांचे नाव घ्यायचे नाही, ‘भली माणसे’ म्हणायचे, असाही संकेत होता. त्यांच्या मानलेल्या, एकट्या उभ्या हॉथॉर्न या काटेरी झाडाला कुऱ्हाड लावत नसत. १९९९मध्ये क्लेअर परगण्यातील लाटून येथे रस्त्याच्या आड येणारे असे झाड वाचावे म्हणून कथाकार एडी लेनिहन यांनी आवाज उठवला आणि ते राखले गेले. पण याच विश्वासाची काळी बाजूही आहे. १८९५मध्ये टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुण स्त्रीला तिच्या नवऱ्याने जाळले. ही आपली बायको नव्हे, पऱ्यांनी बदलून ठेवलेली आहे, असे तो म्हणत होता. सदोष मनुष्यवधासाठी त्याला सक्तमजुरी झाली.

या समजुतींचा मोठा साठा शाळकरी मुलांच्या अक्षरात आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांना आजी-आजोबांकडून ऐकलेले वहीत उतरवायला लावले. त्या वह्या आता डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहेत.