उडाला नाही म्हणजे घाबरला नाही, असं नाही

अंडी उबवत बसलेल्या पेंग्विनच्या पोटाखाली संशोधकांनी एक नकली अंडं सरकवलं. त्याच्या आत हृदयाचे ठोके टिपणारं यंत्र होतं. पक्षी होते हंबोल्ट पेंग्विन, जागा चिलीच्या किनाऱ्याजवळची. माणूस दीडशे मीटर अंतरावरून नुसता चालत गेला, तरी ठोके वाढले. ते पुन्हा मूळ गतीवर यायला कधी कधी अर्धा तास लागला. हे सगळं होत असताना पेंग्विन घरट्यावरच होता, आणि लांबून बघणाऱ्याला तो अगदी निवांत वाटला असता.

पक्षीनिरीक्षणाला जाणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. आपण पक्ष्याचा त्रास मोजतो तो त्याच्या उडण्यावरून. पण घरट्यावरचा पक्षी सहसा शेवटच्या क्षणीच उडतो, कारण उडाला तर अंडी उघडी पडतात. त्याआधी तो खाणं थांबवतो, मान उंचावतो, अंग आवळून घेतो. सरावलेला निरीक्षक या खुणा दिसताच पाऊल मागे घेतो.

पक्ष्याचा रोजचा हिशेब फार काटेकोर असतो. लहान पक्ष्याच्या अंगात चरबीचा साठा जेमतेम असतो. थंडीची एक रात्र काढताना त्याचं वजन चांगलंच घटतं आणि ते दिवसभर वेचून भरून काढावं लागतं. त्यात कुणी चार वेळा उठवलं, तर ती ऊर्जा आणायची कुठून? न्यूझीलंडमधल्या पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनच्या बाबतीत हे दिसून आलं आहे. किनाऱ्यावर माणसं असली की समुद्रातून परतलेले आई-बाप पाण्यातच घुटमळतात, पिल्लांपर्यंत घास उशिरा पोहोचतो. जिथे पर्यटकांवर काहीच बंधन नव्हतं, तिथल्या पिल्लांची वजनं कमी भरली.

आता कॉल वाजवण्याबद्दल. दाट झाडीत दडलेला पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचाच आवाज लावायचा, ही अगदी रूढ सवय. नर बाहेर येतो, फोटो मिळतो, सगळे खूश. नराच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या हद्दीत कुणी परका घुसला आहे आणि तो दिसतही नाही. पक्ष्यांच्या संप्रेरकांचे अभ्यासक जॉन विंगफिल्ड यांनी साँग स्पॅरो या अमेरिकी चिमणीवर असेच प्रयोग केले. हद्दीत नकली घुसखोर उभा केला की नराच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हे आक्रमकतेशी जोडलेलं संप्रेरक वाढतं, तो लढाईला सज्ज होतो. ही सज्जता फुकट नसते. तेवढा वेळ पिल्लांना भरवणं मागे पडतं. एक्वाडोरच्या जंगलात असा अभ्यास पक्षीनिरीक्षकांचीच नक्कल करून झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज कॉल ऐकवल्यावर एका जातीचे रेन पक्षी आधी जोरात गाऊ लागले आणि काही दिवसांनी त्यांनी लक्ष देणंच सोडलं. यावरून कुणी म्हणेल, की सवय होते, मग बिघडलं कुठे? मला हे पटत नाही. रोज नवा गट येतो अशा प्रसिद्ध जागी, ऐन विणीच्या काळात, मोजक्याच उरलेल्या जातीवर हा प्रयोग करून बघायचा अधिकार आपल्याला नाही. घरट्याभोवतीच्या फांद्या फोटोसाठी बाजूला करणं तर त्याहून वाईट. ऊन थेट अंड्यांवर येतं आणि कावळ्यांना वाट दिसते.

इतकं ऐकून वाटेल की सगळ्यांनी घरीच बसावं. तसं अजिबात नाही, आणि याचं कारण नागालँडमध्ये आहे.

अमूर ससाणा हा जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी. पूर्व आशियात वीण करतो आणि हिवाळ्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य भारतात थांबून पंख फुटलेल्या वाळवीवर ताव मारतो, कारण पुढे अरबी समुद्र न थांबता ओलांडायचा असतो. वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयाकाठी हे ससाणे लाखोंनी रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. २०१२ च्या हंगामात तिथे मासेमारीच्या जाळ्यांत हजारो ससाणे रोज पकडून मारले जात असल्याचं उघड झालं. त्या एका हंगामात मारलेल्या ससाण्यांचा अंदाज लाखाच्या वर होता. या गावांची काही शेती धरणाच्या पाण्यात गेली होती. ससाणा म्हणजे दारी आलेली रोख कमाई होती.

पुढच्याच वर्षी, २०१३ साली, तिथली हत्या थांबली. हे श्रेय पर्यटनाचं नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. जलाशयाजवळचं पांगती गाव आणि आसपासच्या गावांच्या ग्रामसभांनी ठराव केले, चर्चमधून लोकांना समजावलं गेलं, वनखातं आणि संवर्धन कार्यकर्ते गावात जाऊन बसले. त्या वर्षी उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावून सोडलेल्या ससाण्यांना नागा, पांगती आणि वोखा अशी नावं दिली गेली, म्हणजे आपल्या गावाचा पक्षी आफ्रिकेपर्यंत कसा जातो हे गावाला पाहता आलं. पर्यटक आले ते त्यानंतर. ज्या घरात जाळी होती त्या घरात पाहुण्यांसाठी खोली निघाली, थवे दाखवायला वाटाडे तयार झाले. निर्णय गावाचा होता. तो वर्षानुवर्षं निभावायला पाहुण्याकडून येणारा पैसा हातभार लावतो. पर्यटनाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, आणि एवढीही थोडी नाही.

एक्वाडोरमधल्या मिंडोजवळचे शेतकरी आंखेल पास यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या जमिनीवरच्या जंगलात जायंट अँटपिट्टा हा कमालीचा लाजरा पक्षी राहतो. तो जमिनीवर वावरतो, दिसणं मुश्कील. पास चिकाटीने त्याच्यासाठी गांडुळं ठेवत गेले आणि एक पक्षी हळूहळू समोर येऊन खाऊ लागला. त्याला त्यांनी मारिया नाव दिलं. हाक मारली की मारिया येते ही बातमी जगभर पसरली आणि झाडं तोडण्यापेक्षा जंगल राखणं त्या कुटुंबाला परवडू लागलं. पक्ष्याला खाऊ घालून दाखवणं योग्य की नाही यावर पक्षीप्रेमींत मतभेद आहेत. मी इथे पास यांच्या बाजूने आहे, कारण पक्षी आपणहून येतो आणि जातो, आणि दाखवणारा माणूस त्याच जंगलात राहतो. घुबडाला जिवंत उंदराचं आमिष दाखवून, फोटो झाला की निघून जाणाऱ्याशी याची तुलना होऊ शकत नाही.

म्हणून सहल ठरवताना मी पहिला प्रश्न विचारतो: वाटाड्या कुठला? त्याच गावचा असेल तर पैसा जंगलाच्या कडेला राहतो, शहरातल्या कचेरीत अडकत नाही. शिवाय स्थानिक वाटाड्याला माहीत असतं की कुठल्या झाडावर वीण चालू आहे आणि तिकडे कुणाला न्यायचं नाही. तो 'आज इथून पुढे नको' म्हणाला तर वाद न घालता वळणारा पाहुणा मिळाला, तरच त्याला पुढच्या वेळीही तसं म्हणायची हिंमत होते.

दुसरी गोष्ट नोंदींची. २००२ साली सुरू झालेल्या ई-बर्डसारख्या ऑनलाइन नोंदवहीत जगभरचे हौशी निरीक्षक आपल्या याद्या टाकतात, आणि कुठली जात कुठे घटते आहे हे शोधायला त्या कामी येतात. पर्यटकाने साध्या कावळ्या-साळुंक्यांचीही मोजणी करून नोंद ठेवली, तर तो जंगलाला पैशापलीकडे काही देऊन जातो. पण दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. ई-बर्डवरही पकडल्या जाण्याचा धोका असलेल्या जातींची ठिकाणं लोकांना दाखवली जात नाहीत.

या सगळ्याला मर्यादा आहेत. पाहुणे देखण्या आणि दुर्मीळ पक्ष्यांमागे जातात. माळरानावरच्या भुरक्या चंडोलासाठी कुणी तिकीट काढत नाही. २०२० साली जगभर प्रवास थांबला तेव्हा केवळ पाहुण्यांवर चालणाऱ्या राखीव जंगलांचा आधारच गेला. जिथे गावाला दुसरं उत्पन्न नाही, तिथे हा धोका कायम आहे.

अरुणाचल प्रदेशात ईगलनेस्ट अभयारण्याजवळ रमण अत्रेय या खगोलशास्त्रज्ञाला एक अनोळखी पक्षी १९९५ साली दिसला होता, पुन्हा सापडायला दहा वर्षं गेली. नव्या जातीची नोंद करायची तर एक पक्षी मारून संग्रहालयात ठेवायची रीत होती. अत्रेयांनी मोजकेच पक्षी पाहिले होते, त्यातला एक कमी करायला ते तयार झाले नाहीत. जाळ्यात धरलेल्या पक्ष्याची मोजमापं, फोटो आणि गळालेली पिसं घेऊन त्यांनी तो सोडून दिला, आणि २००६ साली त्यावरूनच जात जाहीर झाली. नाव ठेवलं ते तिथल्या बुगुन लोकांचं: बुगुन लिओसिक्ला. पुढे, २०१७ साली, बुगुन लोकांनी आपल्या जंगलाचा सतरा चौरस किलोमीटरचा भाग सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करवून घेतला. आता गस्त घालतात ती त्यांचीच मुलं, आणि हा पक्षी बघायला जगाच्या दुसऱ्या टोकाहून माणसं येतात.