पाणथळ कशाला म्हणायचे? सलीम अली सरोवराच्या लढ्याची पार्श्वभूमी

हिमायतबागेसमोरच्या सलीम अली सरोवरात जलपर्णी पसरली, की छत्रपती संभाजीनगरात निवेदनांचा हंगाम सुरू होतो. पक्षीमित्र, सकाळी फिरायला येणारे निवृत्त लोक, वनस्पतिशास्त्राचे एखादे प्राध्यापक, जोडीला एक वकील. मग जलपर्णी काढायचा ठेका निघतो, काठावर ढीग लागतात, त्यातले काही तिथेच कुजतात आणि कुजून सुटलेले सगळे पावसाबरोबर पुन्हा पाण्यात जाते. सरोवर ‘पाणथळ’ म्हणून जाहीर करा, ही या निवेदनांतली मागणी नेमकी कुठून आली आणि त्या एका शब्दात ती का अडकली, एवढ्यापुरतेच हे टिपण.

जुना भाग थोडक्यात. मुघल काळात हा खिजरी तलाव. दिल्ली दरवाजाबाहेर, उत्तरेच्या तटाला लागून तेव्हा मोठी दलदल होती. तिच्या वाफांनी रोगराई पसरते म्हणून औरंगजेबाने शहराकडचा भाग बुजवून तिथे शेती करायला लावली, अशी निजामकालीन गॅझेटिअरची नोंद आहे. म्हणजे तलाव बुजवायची पहिली परवानगी सरकारीच म्हणायची! त्यानंतरची अडीचशे वर्षे इथे सोडून देतो. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) यांचे नाव तलावाला मिळाले ते अगदी अलीकडे, आणि त्याच सुमारास तलावाचे सरोवर झाले.

खरा बदल नळाने घडवला. १९७६ मध्ये गोदावरीवरचे जायकवाडी धरण पूर्ण झाले, त्याच्या जलाशयाचे म्हणजे नाथसागराचे पाणी शहरात आले, वस्त्या वाढल्या. घरात जितके पाणी येते त्यातले बहुतेक मोरीतून बाहेर पडते, हा साधा हिशेब तेव्हा कुणी मांडला नाही. पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे बारमाही झाले, पण सांडपाण्याने. मराठवाड्यात पाण्याचे आंदोलन म्हणजे टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) आंदोलन: वरच्या धरणांतून किती सोडले, आमच्या हक्काचे किती राहिले. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात ‘पाणी आहे, पण त्यात काय आहे’ हा प्रश्न चैनीचा वाटला तर नवल नाही. सरोवरासाठी भांडणाऱ्यांना पहिली काही वर्षे तेच ऐकावे लागले. लोकांना प्यायला नाही आणि तुम्हाला बदकांची पडली आहे!

या दूषणाचे नावही फसवे. पुस्तकात त्याला ‘सुपोषण’ म्हणतात. अंगणवाडीच्या भिंतीवर कुपोषणाविरुद्ध घोषणा वाचत मोठ्या झालेल्या माणसाला सुपोषण हा तलावाचा रोग आहे हे पटवायचे कसे? त्यापेक्षा शेतकऱ्याच्या भाषेत सांगितलेले लगेच कळते. नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस). पिकाला द्यायला जे आपण गोणीने विकत आणतो, तेच मैला, साबणचुरा आणि निर्माल्य यांतून तलावाला फुकट मिळते. पीक येते ते शेवाळाचे आणि जलपर्णीचे. ते मरून तळाशी कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो आणि एखाद्या पहाटे मासे उलटे तरंगताना दिसतात. सगळ्यात चिवट स्फुरद. त्याचा वायू होऊन तो उडून जात नाही, गाळात बसून राहतो आणि तळाशी प्राणवायू नसला की गाळातून पुन्हा वर येतो. म्हणून आज नाला बंद केला तरी उद्या पाणी निवळत नाही.

आता त्या शब्दाकडे. दूषण थांबवायचे तर तलावाला कायद्याचे छत्र हवे आणि ते मिळणार ‘पाणथळ’ या नोंदीखाली. इथेच पहिली अडचण. आपल्याकडे पाणथळ म्हणजे वाया गेलेले रान. पाणी धरून बसणारी, वाफसा न येणारी, चिबड जमीन. ‘पाणथळ जाहीर करा’ अशी मागणी ऐकून काठाजवळच्या प्लॉटवाल्याने दचकावे आणि अधिकाऱ्याने ‘अहो, हे तर सरोवर आहे’ असे म्हणावे, हे त्या शब्दातच आहे. ‘वेटलँड’ या इंग्रजी संज्ञेत तलाव, खाडी, दलदल सगळे एकत्र बसते; मराठी शब्दात फक्त चिखल दिसतो.

दुसरी अडचण नियमांची, आणि ती अधिक खोल. पाणथळांविषयीच्या २०१० च्या केंद्रीय नियमांच्या व्याख्येत जलाशय, तलाव, माणसाने बांधलेली पाणथळे असे सगळे होते. मात्र प्रत्यक्ष संरक्षणासाठी, समुद्रसपाटीपासून २,५०० मीटरच्या खालच्या भागात, ५०० हेक्टरांची अट होती. शहरातला तलाव त्यात कुठून बसणार? मग २६ सप्टेंबर २०१७ चे नवे नियम आले. त्यांनी क्षेत्राची अट काढली, अधिकार राज्यांकडे दिले आणि व्याख्येतूनच काही गोष्टी वगळल्या: नदीचे पात्र, भातखाचरे आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी खास बांधलेले जलसाठे.

ही यादी मराठवाड्यात वाचून पाहा. बेसाल्टच्या या पठारावर नैसर्गिक तलाव शोधावा लागतो. कंधारचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र, जालन्याचा घाणेवाडी तलाव, बीडचा बिंदुसरा, खुद्द नाथसागर, सगळे माणसाने बांधलेले आणि बहुतेक पिण्यासाठी किंवा सिंचनासाठीच. म्हणजे जिथे पाण्याचा प्रत्येक थेंब बांध घालूनच अडवावा लागतो, तिथे तो बांध हाच तलावाविरुद्धचा पुरावा ठरतो. शिवाय तलाव ‘कशासाठी बांधला’ हे ठरवायचे कुठल्या कागदावरून? मुघल काळातल्या तलावाचा बांधकाम परवाना कोणाच्या दप्तरात सापडेल? या मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते आणि व्याख्या आखूड करण्यामागे प्रशासकीय सोय असेलही. पण त्या सोयीची किंमत कोरड्या प्रदेशाने मोजली, असे माझे मत आहे.

गंमत अशी की राज्याचे पहिले रामसर स्थळ (रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखाली नोंदलेले महत्त्वाचे पाणथळ), नांदूर मध्यमेश्वर, हेही सिंचनाच्या बंधाऱ्यामागेच तयार झाले. त्याचा हा आंतरराष्ट्रीय दर्जा २०२० मध्ये जाहीर झाला. नाशिक जिल्ह्यातल्या त्या बंधाऱ्याच्या खाली हीच गोदावरी नाथसागरात येते. नाथसागराला १९८६ पासून पक्षी अभयारण्याचे संरक्षण आहे. ज्यांना अभयारण्यही नाही आणि रामसरही नाही, त्यांचे काय, हा प्रश्न उरतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळांना जुन्या नियमांच्या तत्त्वांचे संरक्षण दिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या उपग्रह नोंदींनुसार जागेवर पडताळणी करायला सांगितले. कार्यकर्त्यांच्या निवेदनांत हे दोन आदेश मंत्रासारखे येतात ते यामुळेच.

व्याख्येच्या वादात एक दुसरी घडामोड झाकली गेली. नव्या पाणथळ नियमांना महिना व्हायच्या आत, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची नवी मानके आली. २०१५ च्या मसुद्यात नत्रावर मर्यादा होती. अंतिम अधिसूचनेत सामू (आम्ल-विम्लता), बीओडी (घाण कुजताना लागणारा प्राणवायू), तरंगते घन पदार्थ आणि मैलाजन्य जिवाणू एवढेच राहिले. नत्र गेले, स्फुरद आलेच नाही. म्हणजे केंद्रातून बाहेर पडणारे पाणी कागदावर ‘शुद्ध’ आणि जलपर्णीसाठी खत, दोन्ही एकाच वेळी असू शकते. पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कडक मानकांचा आग्रह धरला. पण आपल्याकडे अजूनही ‘केंद्र उभे आहे ना?’ इथेच चर्चा थांबते. किती दशलक्ष लिटर, हे सगळ्यांना पाठ असते. स्फुरद किती, हे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

कुलपाचा वादही सांगितला पाहिजे. सरोवर लोकांना खुले करावे, नौका सोडाव्यात, अशी एक बाजू. पक्ष्यांना त्रास होईल म्हणून ते बंदच ठेवावे, ही दुसरी. प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेले आणि सरोवर दीर्घकाळ बंद राहिले. पक्ष्यांना निवांतपणा मिळाला हे खरे. पण बंद फाटकाआड पाण्याचा रंग बदलतो तेव्हा तो पाहायला रोजची माणसे नसतात. बंदची बाजू घेणारेही हे आता खासगीत कबूल करतात.

आज पक्षीमित्रांमध्येच एकमत नाही, ते गाळावरून. घाणेवाडीचा गाळ शेतकरी ट्रॅक्टर लावून नेतात, कारण तो रानातून वाहून आलेला आहे. इथला गाळ शहराच्या नाल्याचा. त्यात जड धातू किती, हे तपासल्याशिवाय तो कुणाच्या शेतात टाकणार? गाळ काढायचा तर पाणी उतरवावे लागेल, यंत्रे आत न्यावी लागतील आणि पाणकणसाची बेटे उखडावी लागतील. त्याच बेटांत जांभळी पाणकोंबडी घरटे करते.