दह्यातले जिवाणू आणि कर्करोग: संशोधन इथवर कसे आले

स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्यकीय विद्यार्थ्याने १९०५ साली जिनिव्हात आपल्या देशातल्या दह्याचे विरजण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्यातला काडीसारखा लांबट जिवाणू शोधून काढला. तोच पुढे लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस म्हणून प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले एली मेचनिकॉफ यांचे म्हणणे असे होते, की मोठ्या आतड्यात अन्न कुजून विषे तयार होतात, त्यांनी म्हातारपण लवकर येते आणि आंबवलेल्या दुधातले जिवाणू हे कुजणे थोपवतात. मांडणी होती ती दीर्घायुष्याची. त्यांना १९०८ साली मिळालेले नोबेलही रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी होते, दह्यासाठी नव्हे. ही गल्लत आजही होते, म्हणून मुद्दाम सांगावे लागते.

कर्करोगाचा धागा जुळला १९६०च्या दशकात, पुन्हा बल्गेरियातच. इव्हान बोगदानोव्ह आणि सहकाऱ्यांनी याच जिवाणूच्या पेशींतून काढलेल्या घटकांचा उंदरांमधल्या गाठींवर परिणाम होतो, असे नोंदवले. म्हणजे जिवंत जिवाणूच हवा असे नाही, त्याचे तुकडे किंवा त्याने तयार केलेली द्रव्येही काम करू शकतात, ही कल्पना तेव्हापासूनची आहे. अशा निर्जीव जिवाणूंना आणि त्यांच्या तुकड्यांना दिलेल्या ‘पोस्टबायोटिक’ या नावाची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने केलेली व्याख्या यायला मात्र २०२१ उजाडले. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातून दही खाऊ घातलेल्या उंदरांमध्ये गाठीच्या पेशींची वाढ मंदावल्याचे प्रसिद्ध झाले.

माणसांवरचे महत्त्वाचे काम गोल्डिन आणि गॉर्बाक यांचे, १९८४चे. यकृत कर्करोग घडवू शकणाऱ्या काही घातक द्रव्यांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडते आणि ती पित्तावाटे बाहेर टाकते. आतड्यातल्या काही जिवाणूंचे बीटा-ग्लुकुरोनिडेज हे विकर ही जोडणी तोडते आणि घातक द्रव्य पुन्हा मोकळे होते. निरोगी स्वयंसेवकांना लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस दिल्यावर दहा दिवसांत या विकराची क्रिया घटली. देणे थांबवल्यावर १० ते ३० दिवसांत सगळे पूर्ववत झाले. बाहेरून आलेला जिवाणू आतड्यात पाहुण्यासारखा असतो, बहुधा मुक्काम ठोकत नाही.

२००५ साली जपानमध्ये मोठ्या आतड्यातल्या गाठी काढलेल्या ३९८ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस केसाय घेणाऱ्यांत चार वर्षांनी नव्या गाठींची संख्या लक्षणीय कमी झाली नाही, पण झालेल्या गाठींमध्ये पेशींची विकृती कमी तीव्र होती. निकाल आशादायक आहे, पण अर्धाच.

आता नजर एकेका संयुगावर आहे. २०१६ मध्ये जपानच्या असाहिकावा इथल्या गटाने लॅक्टोबॅसिलस केसायपासून फेरिक्रोम हे लोह बांधणारे द्रव्य वेगळे केले. त्याने आतड्याच्या कर्कपेशींना आत्मनाशाकडे ढकलले. अन्न टिकवण्यासाठी वापरले जाणारे निसिन हेही लॅक्टोकॉकस जिवाणूचेच. २०१२ पासून डोके व मानेच्या कर्करोगावर ते पेशींमध्ये आणि उंदरांमध्ये तपासले गेले.

ब्युटिरेट या लहान मेदाम्लाचे प्रकरण वेगळे. १९७०च्या दशकातच कळले होते, की ते जनुकांचे काम नियंत्रित करणारे हिस्टोन डीअॅसिटिलेज हे विकर अडवते. निरोगी आतड्याच्या पेशी ब्युटिरेट इंधन म्हणून जाळतात. कर्कपेशी ग्लुकोजवर चालतात, त्यामुळे त्यांच्यात ते साचते आणि पेशीविभाजन रोखते. पण ते दह्यातले जिवाणू फारसे बनवत नाहीत. आतड्यातले कायमचे रहिवासी जिवाणू ते तंतुमय पदार्थांपासून बनवतात. म्हणून दह्याइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व उसळीला आणि भाकरीला.

प्रयोगशाळेत फसगत कुठे होते, हे नीट समजून घ्यायला हवे. जिवाणू एमआरएस या पोषक द्रवात वाढवतात, अपकेंद्री यंत्रात खाली बसवतात आणि वरचा द्रव ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून एचटी-२९ किंवा काको-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या कर्कपेशींवर टाकतात. लॅक्टिक आम्लामुळे या द्रवाचा सामू चारच्या आसपास असतो. तो सातपर्यंत आणला नाही, तर पेशी नुसत्या आंबटपणानेच मरतात आणि श्रेय मात्र जिवाणूच्या ‘कर्करोगविरोधी’ द्रव्याला मिळते. जिवाणू न वाढवलेला एमआरएस तितक्याच प्रमाणात त्याच प्रकारच्या, पण दुसऱ्या ताटलीतल्या पेशींवर टाकून तुलना करावी लागते. शिवाय तोच द्रव निरोगी पेशींवर तपासला नसेल, तर तो केवळ विषारी आहे की निवडक, हे कळतच नाही. आणि ताटलीतली मात्रा एक वाटी दह्यातून गाठीपर्यंत पोहोचेल, असे गृहीत धरता येत नाही.

सध्या उपचार घेणाऱ्यांसाठी एवढेच: केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना जिवंत जिवाणूंची (प्रोबायोटिक) पूरके रक्तात संसर्ग करू शकतात. २०२१ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतवणारे उपचार) घेणाऱ्यांच्या निरीक्षणात पुरेसे तंतू खाणाऱ्यांना, विशेषतः प्रोबायोटिक पूरक न घेणाऱ्यांना, अधिक फायदा दिसला. घरचे दही चालेल का आणि कॅप्सूल घ्यावी का, हे दोन्ही प्रश्न कर्करोगतज्ज्ञांनाच विचारावेत, आणि तेही वेगवेगळे.