ठाण्याचा पत्ता : डी२बीजी४एफआरबी

गोखले रोडवरच्या पाट्या आता ठसठशीत मराठीत आहेत. पाटीखालचा वेबसाइटचा पत्ता मात्र बहुतेक ठिकाणी रोमनच. 'डॉट भारत'ने संपणारा पत्ता देवनागरीत २०१४ पासून मिळतोय असं सांगितलं की दुकानदार म्हणतात, "ते मराठी इंटरनेट वेगळं असतं हो, सगळ्यांच्या मोबाइलवर उघडत नाही."

वेगळं इंटरनेट वगैरे काही नसतं. नावावरून सर्व्हर शोधून देणारी डीएनएस यंत्रणा १९८०च्या दशकातली. वेबसाइटच्या नावात तिथे रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. ती जगभर बदलत कोण बसणार? म्हणून ब्राउझरच देवनागरी नावाचं रोमन रूप करतो आणि त्याच्या सुरुवातीला 'एक्सएन' व दोन रेघा जोडून पाठवतो. 'ठाणे'चं होतं डी२बीजी४एफआरबी. या गणिताला प्युनीकोड म्हणतात. ते २००३ सालचं आहे आणि मला भयंकर आवडतं.

युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, ठचा क्रमांक २३३६, णचा २३३९, कान्याचा २३६६, मात्रेचा २३७५. प्युनीकोड याच चढत्या क्रमाने जातो आणि प्रत्येकासाठी एकच आकडा लिहितो : २२०८, ६, ८०, ३७. मोजणी १२८ पासून सुरू. त्यात २२०८ मिळवले की ठ. आता आपण ठच्या पुढे, म्हणजे जागा १ वर. त्यात ६ मिळवा, झाले ७. नवं अक्षर ठच्या आधी किंवा नंतर, अशा दोनच ठिकाणी बसू शकतं. म्हणून ७ला २ने भागा. भागाकार ३ : २३३६च्या पुढे तीन, म्हणजे ण. बाकी १ : एक अक्षर सोडून बसवा. आता आपण २ वर. अधिक ८० म्हणजे ८२, भागिले ३. भागाकार २७, बाकी १. काना ठला चिकटला! परत २ अधिक ३७, भागिले ४ : ९ आणि ३. मात्रा शेवटी. ओळख आणि जागा एकाच आकड्यात. हे चार आकडे मग ए ते झेड आणि ० ते ९ अशा ३६ चिन्हांत लिहितात.

अंकशास्त्राच्या नावाखाली दुकानाच्या स्पेलिंगात जादा 'ए' घालून देणाऱ्यांनी आता या डी२बीजीमधून काय भाग्य काढायचं ते काढावं. 'मराठी डोमेन (वेबसाइटचं नाव) घेतलं की गुगलवर पहिला नंबर' हेही त्याच माळेतलं.

खरी डोकेदुखी 'वऱ्हाडी'सारख्या नावात. यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो : ऱ वापरून, किंवा साध्या र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला सारखंच, क्रमांक निराळे. अशा नावांसाठीच्या २००३च्या नियमांत ते चिन्ह गळून जायचं आणि ऱ्हचा रफार व्हायचा. २०१०च्या नियमांत हलन्तानंतर ते चालतं, पण नोंदणी करणारी संस्था ते नाकारू शकते. म्हणून पैसे भरण्याआधी नाव दोन वेगवेगळ्या कीबोर्डांवरून टाइप करून एक्सएनवालं रूप ताडून पाहावं, आणि ते वहीत लिहून ठेवावं. होस्टिंगच्या (वेबसाइट ठेवायची जागा देणाऱ्या सेवेच्या) पॅनेलवर किंवा नूतनीकरणाच्या ईमेलात अनेकदा तेच रूप येतं. आपलंच नाव ओळखलं नाही, तर फसवा मेल समजून माणूस तो पुसून टाकतो आणि डोमेनची मुदत संपते.