प्रश्नाचा रोख (कारणे लिहा, फरक स्पष्ट करा वगैरे)

परीक्षेच्या प्रश्नात नेमकं काय करायचंय ते सांगणारा एक शब्द असतो, कारणे लिहा, फरक स्पष्ट करा, टिपा लिहा, वर्णन करा, सिद्ध करा, त्याच्यावरून प्रश्नाचा रोख कळतो. धडा तोच असला तरी हा शब्द बदलला की उत्तर बदलतं. मार्क जातात ते पुष्कळदा इथेच जातात, अभ्यास झाला नव्हता म्हणून नाही.

मराठीत एक पंचाईत अशी की क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे "कोकणातील नद्या" एवढं वाचलं की पोराचं पेन सुरू, पुढे काय करा म्हटलंय तिथपर्यंत नजर पोचतच नाही. बोर्डाच्या पेपरात तर सूचना वरती एकदाच ठळक छापलेली असते आणि खाली नुसती विधानं, मग तिसऱ्या विधानाला येईस्तोवर वरची ओळ डोक्यातून गेलेली. पूर्वी दहावी-बारावीला पेपर दहा मिनिटं आधी हातात मिळायचा, २०२३ पासून ती दहा मिनिटं शेवटी जोडून देतात, म्हणजे शांतपणे नुसतं वाचायचा वेळ असा वेगळा उरलाच नाही.

चिपळूणकडे शिकवण्या घ्यायचे तेव्हाची गोष्ट. सराव पेपरात विधान होतं, "कोकणातील नद्या त्रिभुज प्रदेश तयार करत नाहीत", वर सूचना भौगोलिक कारणे लिहा. (त्रिभुज प्रदेश म्हणजे नदीच्या मुखाशी गाळ साचून झालेली जमीन.) एका मुलाने दीड पान लिहिलं, वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते, कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून झाल्यावर सोडलेलं पाणी, तिच्यात येतं, पुढे दाभोळच्या खाडीला मिळते, आणि मग २२ जुलै २०२१ चा पूर, पाणी कुठवर चढलं, घरातलं काय काय वाहून गेलं. सगळं खरं, वाचताना मलाच भरून आलं, पण मार्क शून्य, कारण 'का' चं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. पाहिजे होतं ते एवढंच: सह्याद्री ते समुद्र अंतर जेमतेम पन्नासएक किलोमीटर, उतार तीव्र, त्यामुळे नद्या आखूड आणि वेगवान, कठीण खडकातून वाहतात म्हणून गाळ कमी, जो येतो तो मुखाशी साचून राहत नाही, तिथे भरती-ओहोटीच्या खाड्या तयार होतात. चार ओळी. वर्णन आणि कारण यात गोंधळ झाला की असं होतं, आणि ज्याला जास्त माहिती आहे त्याचाच जास्त होतो हे मी कितीदा बघितलंय.

फरक स्पष्ट करा हा दुसरा सापळा. मुलं आधी हापूसवर परिच्छेद लिहितात मग पायरीवर, आणि दोघांची गाठ कुठेच पडत नाही. फरक म्हणजे एकच मुद्दा दोन्हीकडे लावून बघायचा. आकार घेतलास तर दोघांचाही आकार, पायरीला खाली चोच असते, हापूसला तशी नाही. रंग घेतलास तर पायरीच्या देठाकडे लाली, हापूस पिकला की केशरी-पिवळा. हापूसचा आकार आणि पायरीची चव समोरासमोर लिहिली तर तो फरक नव्हे. मधे रेघ मारून दोन रकाने केले म्हणजे झालं असं समजणारी मुलं तर ढीगभर.

बाकीचे पटकन. दहावीच्या नागरिकशास्त्रात "चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा" असं येतं, त्यात नुसतं 'चूक' लिहून भागत नाही, सगळं वजन सकारण वर. (एकीने मला विचारलं होतं, सकारण म्हणजे सकाळचं कारण का?) टीप म्हणजे निबंध नव्हे, इतिहासात दोन मार्कांची असते, तेवढीच लिहावी. विज्ञानातली शास्त्रीय कारणंही प्रत्येकी दोन मार्कांची. आणि "कोणतेही दोन" हीसुद्धा सूचनाच आहे हो, चारही सोडवून वेळ घालवणारे दरवर्षी भेटतात. भूमितीत सिद्ध करा म्हटलं की पक्ष, साध्य, सिद्धता सगळं आलं, पट्टीने मोजून ३, ४, ५ बाजूंचा त्रिकोण काढून दाखवला तर तो पडताळा झाला, पायथागोरसचं प्रमेय सिद्ध झालं नाही.

या शब्दांच्या मागे बी.एड. ला सगळ्यांना घोकावी लागणारी ब्लूमची उतरंड आहे. बेंजामिन ब्लूम आणि मंडळींनी १९५६ मध्ये ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन अशा सहा पायऱ्या मांडल्या, २००१ मध्ये त्या सुधारून नामांच्या जागी क्रियापदं आली. 'नावे लिहा' खालच्या पायरीवर, 'तुमचे मत लिहा' वरच्या. आपल्याकडे भाषेच्या पेपराला आता कृतिपत्रिकाच म्हणतात, त्यात आकृतिबंध पूर्ण करा, स्वमत, अभिव्यक्ती, रसग्रहण अशी सगळी भर आली. स्वमत आलं की मुलं गाईड उघडतात, आता स्वतःचं मत गाईडमध्ये कुठून सापडायचं.

कोकण विभागीय मंडळ म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे, आणि दहावीच्या निकालात राज्यात पहिलं यायची त्याला सवयच, २०२४ ला ९९.०१ टक्के. त्यामुळे आमच्याकडे पास होण्याची चिंता कमी, पण ऐंशीचे नव्वद का होत नाहीत याचं उत्तर बऱ्याचदा वरच्या त्या एका ओळीत असतं.

भाषेचाही भाग आहेच. 'स्पष्ट करा', 'सकारण', 'पडताळा' असलं घरात कोण बोलतं? आता सिंधुदुर्गात शिकवते तर 'कारणे लिहा' च्या बाजूला पेन्सिलीने मालवणीत 'कित्याक?' (का?) लिहायला सांगते, 'वर्णन करा' च्या बाजूला 'कसा दिसता?'. पेपर हातात आला की पहिलं काम हेच. 'पडताळा' ला मात्र धड मालवणी शब्द मला अजून सुचलेला नाही, तिथे आपलं 'आकडे घाल नि बघ'.