पहिली घागर रांजणात

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झालं. ‘दे दान, सुटे गिराण’ ही हाक आली आणि गल्लीतल्या घराघरातून ज्वारी, तांदूळ, जुने कपडे बाहेर आले. ग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली. ती ठरल्या वेळी सरकते, दानानं लवकर सुटत नाही. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. कधीतरी येणाऱ्या निमित्ताला बांधलेलं देणं अंगवळणी पडत नाही. त्याला रोज समोर येणारी खूण लागते.

माझ्या आजीकडे अशी खूण होती. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी रस्त्याकडेच्या लिंबाखाली तिचा रांजण असायचा, ओलं गोणपाट गुंडाळलेला. हापशावरून आणलेली पहिली घागर रांजणात, दुसरी घरात. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक ठरलेली, “पाणी पिऊन जा की बापू.” २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आमचा हापसाही आटला होता. टँकरवर भागवायचं होतं. आजीनं रांजणाच्या जागी लहान माठ ठेवला, पण आधी भरायचा तोच.

हे नुसत्या चांगुलपणावर चालत नाही. त्यामागं सवय असते, आणि सवयी घडवणारा स्ट्रायटम नावाचा भाग मेंदूत खोलवर आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ॲन ग्रेबिएल यांच्या गटानं इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या बोळात उंदीर सोडले आणि त्या भागातल्या पेशींचे विद्युत्संदेश टिपले. आवाज ऐकून डावीकडे की उजवीकडे वळायचं, बरोबर वळलं की खाऊ. नवख्या उंदराच्या या पेशी वाटभर बोलत असत. रोजच्या सरावानंतर चित्र पालटलं: धाव सुरू होताना पेशींचा जोर, खाऊपाशी पुन्हा जोर, आणि मधल्या वाटेवर जवळपास शांतता. दहा सुट्या हालचालींचं एक गाठोडं बांधलं गेलं होतं, आणि ते उघडायला सुरुवातीची खूण पुरत होती.

गाठोडं बांधायला डोपामिन हे मेंदूतलं रसायन लागतं. त्याला सरसकट ‘आनंदाचं रसायन’ म्हणून विकलं जातं, ते अर्धवट आहे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडाला अनपेक्षित रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत. दिवा लागला की रस मिळतो हे कळल्यावर त्या दिव्यालाच उसळू लागल्या, रसाला नाही. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेहमीच्या पातळीखाली जात. म्हणजे मोजलं जातं ते मिळालेलं वजा अपेक्षिलेलं. या वजाबाकीनुसार मेंदूच्या सालीकडून, म्हणजे बाहेरच्या थराकडून, स्ट्रायटमकडे येणारे जोड घट्ट किंवा सैल होतात.

किती दिवस लागतात? ‘२१ दिवसांत सवय’ हे मोबाइलवर फिरणारं सूत्र मूळचं मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणातून आलं. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा आपला वाटायला रुग्णांना निदान तेवढे दिवस लागतात, एवढंच त्यांनी नोंदवलं होतं. लंडनच्या संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे पाहिलं. खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एक गोष्ट रोज ठरल्या खुणेला करायची. सवय पक्की व्हायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला आलेखाच्या अंदाजानं २५४. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. तो अभ्यास औदार्याचा नव्हता, पण खुणेचं यंत्र तेच आहे.

आणि ते का हवं, हे अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या, १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. धर्मशास्त्राचे विद्यार्थी भाषण द्यायला निघाले होते, वाटेत एकजण कण्हत बसवला होता. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी मदत केली, घाईत असलेल्यांपैकी १० टक्क्यांनी. मन मोठं असून भागत नाही, ऐन वेळी विचार करायला सवड नसते.

संभाजीनगरच्या माझ्या घरी हापसा नाही. मी घंटागाडीचं गाणं ही खूण धरली: गाणं ऐकू आलं की गाडीवरच्या दोघांसाठी गार पाण्याच्या बाटल्या घेऊन खाली जायचं. पहिले पंधरा दिवस आठवणीनं करावं लागलं, तीनदा चुकलंही. परवा गाडी शेजारच्या गल्लीत होती. गाणं पुसट ऐकू आलं, आणि हात फ्रिजच्या दारावर गेलेला होता.